आधी गाठी, मग भाकर

आश्रुबाला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं कुणीतरी शहाणा मध्येच विचारतो, "मग त्यानं वहीत का नाही लिहून ठेवलं?" नव्हतं येत बाबा त्याला लिहायला. मेंढरांमागं जन्म गेला, शाळेची पायरी चढायला मिळाली नाही, सहीच्या जागी अंगठा. पण परभणीच्या आसपास आणि तिकडं सेलूपर्यंत जेवढे म्हणून भजनं, भारुडं, ओव्या गाणारे होते, त्यांतल्या सत्तावीस जणांचे आवाज कसे लावायचे, याची नोंद या अंगठेबहाद्दराकडं होती. आणि ती वहीपेक्षा पक्की होती. निदान त्याला तसं वाटायचं.

पेडगावपासून दोन कोसांवर एक वाडी आहे. तीस-पस्तीस घरं, सगळी हटकरांची, दारोदार मेंढरांचे वाडे. तिथल्या येडबाचा हा थोरला. ऐंशी साली आश्रुबा एका जत्रेला गेला, तिथं त्यानं लाऊडस्पीकर पहिल्यांदा जवळून पाहिला आणि त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. अर्धी मेंढरं देऊन टाकून हा गडी एक जुनं मशीन, दोन भोंगे, दोन माईक आणि एक बॅटरी बैलगाडीत घालून वाडीत आला. येडबानं कपाळाला हात लावला.

"आरं, मेंढी वर्साला कोकरू देती. हे भोंगं कदी व्यालंय का रं?"

"व्यालं न्हाई तर न्हाई, आबा. पर बोलतंय लय भारी."

बाप महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. पुढं तोच बाप जत्रेत भोंग्याखाली ठाण मांडून "माज्या पोराचं मशीन हाय" असं ज्याला त्याला सांगू लागला, ती गोष्ट वेगळी.

त्या काळात लाऊडस्पीकरवाले काही कमी नव्हते. पण बहुतेकांचं काम एकच. मशीन चालू करायचं, आवाजाचं बटण पिळता येईल तेवढं पिळायचं आणि मंडपामागं जाऊन बिडी ओढायची. भोंगा कुईऽऽ करून किंचाळला की लोक कानांत बोटं घालायचे, गाणारा बिचारा माईकपासून लांब सरकायचा, आणि हे महाशय बिडी संपवून आरामात यायचे. आश्रुबाला याचा मनस्वी राग. तो मशीनजवळून हलायचा नाही. गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत, मान तिरपी करून ऐकत बसायचा. त्याच्या कामाची बटणं तीन. एकानं जड आवाज कमी-जास्त व्हायचा, दुसऱ्यानं बारीक आवाज, आणि तिसरं मागाहून बसवून घेतलेल्या इकोचं, ज्यानं गाणं विहिरीत घुमल्यासारखं घुमतं. कुणाचा गळा मुळातच जाड, त्याचं जड उतरवायचं. कुणी नाकात गातं, त्याचं बारीक उतरवायचं. असं करत करत तासाभरात आवाज असा बसायचा की गाणारा स्वतःच दचकून भोंग्याकडं बघायचा.

पंचाईत पुढं होती. महिन्याभरानं तोच गाणारा दुसऱ्या गावात भेटायचा आणि आश्रुबाला काही म्हणता काही आठवायचं नाही. बटणं होती तशी राहायची नाहीत, कारण बैलगाडीच्या हादऱ्यात बिघाड नको म्हणून पेटी बंद करताना तो सगळी बटणं शून्यावर आणायचा. बटणांभोवतीचे आकडे तर गुलालानं आणि फडक्यानं केव्हाच पुसून गेले होते, आणि असते तरी त्याला त्यांचा काय उपयोग? मग पुन्हा तासभर खटपट. गाणाऱ्याचा अर्धा घसा त्यातच खर्च व्हायचा.

येडबाच्या घरात मेंढरांची मोजदाद लोकरीच्या दोऱ्यावर चालायची. जेवढी मेंढरं तेवढ्या गाठी, हे आश्रुबा आईच्या मांडीवर बसल्यापासून बघत आलेला. एके दिवशी टकळीवर सूत काततानाच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तापवलेल्या दाभणानं त्यानं प्रत्येक बटणाभोवती दहा खाचा पाडल्या. बटण ज्या खाचेवर बसलं, तेवढ्या गाठी. काळ्या लोकरीचा दोरा जड आवाजाचा, पांढरा बारीक आवाजाचा, तांबूस इकोचा. बटण दोन खाचांच्या मधे थांबलं तर शेवटी एक सरकगाठ, म्हणजे अर्धा. तीन दोरे एकत्र बांधायचे आणि त्यांना गाणाऱ्याची खूण लावायची. कुणाचा बांगडीचा तुकडा, कुणाचं सदऱ्याचं बटण, कुणाचा चिंचोका. हे सगळे जुडगे पेटीच्या झाकणाला लावलेल्या पिशवीत असायचे. पुढच्या खेपेला दोऱ्यावरून बोटं फिरवली, बटणं फिरवली, झालं काम. गाणाऱ्यानं तोंड उघडलं की पहिल्या ओळीपासून आवाज जागेवर.

आता त्याच्या बायकोचं सांगायला पाहिजे. भिवराबाई म्हणजे सरळ बोलणारी बाई, आणि सरळ बोलणाऱ्या बाईचं नवऱ्याला जेवढं सोसावं लागतं तेवढं आश्रुबाला सोसावं लागायचं. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात पिशवी ओसरीवर राहिली आणि एका करडानं अकरा गायक खाऊन टाकले. आश्रुबा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी भिवराबाई बोललीच.

"आमच्या माहेरी रोगाचं साल आलं की धा-बारा मेंढ्या मामाच्या वाड्यात नेऊन बांधत्यात. हितल्या मेल्या तर तितल्या ऱ्हात्यात. समदी एकाच वाड्यात ठेवून कामून मारून घ्यायची? एवढं बी कळंना तुमाला?"

आणि तिनं आपली घोंगडी ओढून मांडीवर घेतली. घोंगडीच्या काठाला लोकरीच्या दशा लोंबत असतात, त्या तिनं तीन-तीनच्या जोडीनं वेगळ्या केल्या. पहिली दशी जड आवाजाची, दुसरी बारीक, तिसरी इकोची. कोपऱ्यातल्या पहिल्या तीन लिंबाजी नावाच्या गाणाऱ्याच्या (त्याचं पुढं येतंच), त्यापुढच्या तीन दुसऱ्याच्या, असं करत सगळा काठ. आश्रुबा गावाहून आला की तिनं ताट वाढायचं नाही. आधी पिशवी मागायची, नवीन काही लावलं असेल तर जुन्या गाठी सोडून नव्या मारायच्या, आणि मगच चुलीपुढं जायचं.

"आधी गाठी, मग भाकर," ती म्हणायची.

आश्रुबा कुरकुरायचा. भुकेल्या माणसाला असला कायदा कुठं आवडतो! पण ती ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती.

याच माणसाची आणखी एक गोष्ट. ती नामांतराची वर्षं. विद्यापीठाच्या नावावरून अठ्ठ्याहत्तरला मराठवाड्यात जे झालं ते झालं, आणि त्याची धग पुढं कैक वर्षं गावागावांत होती. जयंतीला बौद्धवाड्यात भोंगा द्यायचा नाही, असं एका गावातल्या चार मोठ्या माणसांनी आश्रुबाला बजावलं. आश्रुबानं सगळं ऐकून घेतलं आणि गाडीला बैल जुंपले. तिथं गाणारी बायनाबाई म्हणून होती, खणखणीत गळ्याची. तिचे तीन दोरे आणि निळा मणी त्याच्या पिशवीत आधीपासून होते. त्यानं तिचा आवाज लावला, दिवसभर मशीनजवळ बसला, आणि परत आला. त्या गावच्या मोठ्या माणसांनी पुढं दोन वर्षं त्याला बोलावलं नाही. "न्हाई तर न्हाई," एवढंच तो म्हणाला. याच्यावर त्यानं कधी कुठं भाषण ठोकलं नाही, म्हणून इथं सांगितलं.

आणि आता लिंबाजी.

लिंबाजी पेडगावचा, आश्रुबापेक्षा वीस वर्षांनी मोठा. आश्रुबा त्याला मामा म्हणायचा, नातं असं काही नव्हतं. लिंबाजी देवाच्या ओव्या गायचा. त्याच्यासारखा गळा त्या पट्ट्यात दुसरा नव्हता, आणि हे त्याच्यावर जळणारेही कबूल करायचे. आश्रुबानं मशीन आणल्यावर पहिलं गाणं लावलं ते लिंबाजीचं. म्हणून त्याची खूण कवडीची, त्याच्याच माळेतली.

शहाऐंशीच्या आषाढापासून लिंबाजीचा आवाज फाटू लागला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं तंबाखू, मग औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात घशात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करून आवाजाची पेटीच काढावी लागेल. माणूस वाचेल, बोलणं जाईल. होळीनंतरच्या सोमवारी भरती व्हायचं ठरलं.

तोवर लिंबाजी गायचा थांबला नाही आणि आश्रुबाही हटला नाही. आवाज जसजसा फाटत गेला तसतसा आश्रुबा बटणं बदलत गेला. प्रत्येक जत्रेत नवा दोरा, नव्या गाठी. आणि भरतीच्या तीन आठवडे आधी येलदरीच्या धरणाकडच्या एका गावात ते जमलं. जड एवढं, बारीक एवढं, इको एवढा, आणि भोंग्यातून दहा वर्षांपूर्वीचा लिंबाजी बाहेर आला. फाटलेला काठ दिसेना. लिंबाजी गाता गाता थांबला, भोंग्याकडं बघितलं आणि माईकवरच म्हणाला, "ह्यो माजा." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्या दिवशी आश्रुबा अंगात ताप घेऊन वाडीत परतला. भिवराबाईनं पिशवी मागितली, तर तो भडकला. "म्हातारीवानी डोकं खाऊ नगंस. एक दिस गाठी न्हाई मारल्या तर आभाळ पडत न्हाई." पिशवी उशाला घेऊन तो तसाच झोपला. दुसऱ्या दिवशी भिवराबाईनं तो विषय काढला नाही. खरं तर तिनं दोन दिवस कुठलाच विषय काढला नाही.

लिंबाजीची एकच इच्छा होती. ऑपरेशनच्या आधी आवाज कॅसेटमध्ये भरून ठेवायचा. "मेलो तर मेलो," तो आश्रुबाला म्हणाला. "पर जगलो आन् मुका जगलो, तर मी कोण हुतो ते तरी घरात ऐकू येऊ दे." सेलूला बन्सीधरचं कॅसेटचं दुकान होतं, गाणी भरून द्यायचं. आश्रुबा स्वतः जाऊन त्याला सांगून आला. भरतीच्या आधीचा शनिवार ठरला. आदल्या दिवशीच आश्रुबानं मशीनची पेटी लिंबाजीच्या घरी नेऊन ठेवली आणि बॅटरी भरून आणायला तो परतला.

शनिवारी दुपारी बन्सीधर पॅसेंजरनं आला, हातात डेक, खिशात दोन कोऱ्या कॅसेटी. पाचच्या गाडीनं त्याला परत जायचं होतं. लिंबाजीच्या अंगणात लिंबाखाली सतरंजी टाकलेली. लिंबाजी माळ घालून तयार. घसा तासाभराचाच आहे, त्याच्यावर ताणू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आश्रुबानं पेटी उघडली, झाकणाच्या पिशवीत हात घातला, आणि हात तसाच बाहेर आला. पिशवी रिकामी होती.

"मामी, हितले दोरे कुटं गेले?"

लिंबाजीची बायको दगडाबाई ओट्यावर उभी होती. तिनं परसाकडं बोट केलं. तिथं धुणं वाळत घालायच्या दोरीवर सत्तावीस गायकांची लोकर ओळीनं लोंबत होती. सगळी हळदीनं माखलेली. एका दोऱ्यालाही गाठ नव्हती.

झालं होतं असं. सकाळी झाडलोट करताना दगडाबाईनं पेटी पुसायला उघडली. झाकणात गाठी मारलेले दोरे, त्यांत बांगड्यांचे तुकडे, मणी, आणि सगळ्यांत वर नवऱ्याच्या माळेतली कवडी, काळ्या दोऱ्यात बांधलेली. कवडी तिनं ओळखली. आठ महिने नवऱ्याचा गळा का आवळत चाललाय, ते तिला एका क्षणात समजलं. करणी! कुणीतरी आश्रुबाच्या पेटीत लपवून ठेवली होती. तिनं देवाचं नाव घेत एकेक गाठ सोडली. नखांनी सुटेना ती दातांनी सोडली. मग उरलासुरला दोष नको म्हणून सगळे दोरे कढत हळदीच्या पाण्यात भिजवले, पिळले आणि उन्हात टाकले. आश्रुबानं दोरे हातात घेऊन गाठींच्या मुरडी तरी कुठं सापडतात का बघितलं. नव्हत्या. पांढरा कुठला आणि तांबूस कुठला, हेही नीट कळत नव्हतं.

आश्रुबानं तिला दोरे कसले ते सांगितलं. दगडाबाई आपल्या पिवळ्या हातांकडं बघत ओट्यावर बसली.

"आगं माय गं! म्या माज्या हातानं त्येंचा आवाज धुवून टाकला का रं?"

दुसरा कुणी असता तर त्या माउलीला नको नको ते बोलला असता. आश्रुबा तिच्यापुढं उकिडवा बसला. "मामी, तुमी त्येंच्या जिवासाठी केलं. तुमाला कसं ठावं आसंल? म्याच कदी सांगितलं न्हाई. किती गाठी हुत्या, काय याद हाय का?"

"मोजल्या न्हाईत रं. नुस्तं देवाला आळवायलते, सोडायलते."

आश्रुबानं डोकं दोन्ही हातांनी धरून आठवून बघितलं. आठ महिन्यांत लिंबाजीचे दोरे त्यानं चौदा-पंधरा वेळा बदललेले. सगळे आकडे एकमेकांत मिसळले होते. बन्सीधर घड्याळ बघून म्हणाला, "अहो, ठेवा सगळं मधोमध आणि गाऊ द्या त्यांना. दोऱ्यानं कुठं गाणं होतं का?" शिकलेला माणूस, दुकानदार, त्याला काय बोलणार? बटणं मधोमध ठेवली. लिंबाजीनं एक ओळ म्हटली.

भोंग्यातून जे आलं ते ऐकवेना. सुपात खडे घोळवल्यासारखा आवाज, त्यात शब्द कुठले नि श्वास कुठला ते कळत नव्हतं. लिंबाजीनं तोंड मिटलं आणि माईक हळूच बाजूला सारला.

"आश्रुबा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आसा नगं ठेवू मला."

बटणं फिरवत बसायचं, तर प्रत्येक वेळी त्याला गायला लावावं लागणार, आणि घसा तासाभराचाच. आश्रुबा उठला. बन्सीधरला म्हणाला, "चारपत्तूर थांबा, लय उपकार हुतील." आणि कोपऱ्यात टेकवलेली लिंबाजीच्या भावाची सायकल घेऊन निघाला.

दोन कोसांची ती वाट. वर फाल्गुनाचं ऊन, खाली फुफाटा, आणि डोक्यात एकच विचार. घोंगडीत सगळे आहेत. पण येलदरीचा? त्या दिवशी आपणच तिला हाकललं. पिशवी दिली नाही. म्हणजे घोंगडीत लिंबाजीच्या जुन्याच गाठी, येलदरीच्या आधीच्या. त्यानं स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की वाटेतल्या गुराख्यानं त्याच्याकडं वळून बघितलं.

भिवराबाई ओढ्याकाठी येडबाबरोबर मेंढरं चारत होती, खांद्यावर घोंगडी. आश्रुबा सायकल टाकून धावत गेला. धापा टाकत त्यानं सगळं सांगितलं.

"आन् येलदरीचा दोरा म्या तुला दिलाच न्हाई गं! म्या झोपलो!"

भिवराबाईनं घोंगडी खांद्यावरून काढली, कोपरा शोधला आणि त्याच्या हातात दिला. "हात लावून बगा."

त्यानं बोटं फिरवली. पहिल्या दशीला सहा गाठी. दुसरीला एक गाठ आणि एक सरकगाठ. तिसरीला तीन. बोटांनी ओळखलं, डोक्याला नंतर कळलं. हाच. हाच तो!

"तू कवा मारल्यास?"

"तुमी घोरायलता. पिशवी उशालाच हुती. काढली, बगितली, मारल्या, परत ठिवली."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"तुमी मला म्हातारी म्हणलाव."

आश्रुबाला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यानं दोन्ही केलं. येडबा काठी टेकून हे बघत उभा होता. "जा की आता! मेंढरं मी बगतो," तो ओरडला, तेव्हा कुठं दोघं भानावर आली. भिवराबाई घोंगडी पोटाशी धरून कॅरियरवर बसली. एवढं ओझं घेऊन एवढ्या जोरात आश्रुबानं सायकल पुन्हा आयुष्यात मारली नाही.

पेडगावात पोचले तेव्हा चार वाजायला आले होते. बन्सीधरनं डेक पिशवीत भरायला घेतलेला. आश्रुबा घामाघूम होऊन मशीनपुढं बसला, भिवराबाई त्याच्या शेजारी. ती दशा चाचपून सांगत होती आणि तो खाचा मोजत बटणं फिरवत होता.

"पहिली, सा."

"झालं."

"दुसरी, एक. आन् एक सरकगाठ."

"दीड. झालं."

"तिसरी, तीन."

लिंबाजीनं माईक जवळ घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आणि लिंबाखाली, भर उन्हात, तो दहा वर्षांपूर्वीचा गडी उभा राहिला. कानाला फडकं बांधल्यासारखा मऊ नव्हे, तसाच भरदार, तसाच रांगडा. बन्सीधरनं कानांवरचा हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला आणि मान हलवली. एकदा हलवली, मग हलवतच राहिला. दगडाबाई भिंतीला टेकून उभी होती, हळदीनं पिवळे झालेले हात तोंडावर घेऊन.

पाचची गाडी शिटी वाजवून गेली. बन्सीधरनं वर बघितलंही नाही. कॅसेटची एक बाजू भरली, ती त्यानं उलटली. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या ओवीत लिंबाजीचा आवाज तुटला आणि पुन्हा लागला नाही. लिंबाजीनं घशाला हात लावला, हसला, आणि माईक आश्रुबाच्या हातात दिला. सगळ्यांना कळलं की संपलं. आश्रुबा मोठ्यानं रडला, कुणाची लाज धरली नाही.

बन्सीधरनं पुढं त्या कॅसेटच्या तीन प्रती केल्या. एक लिंबाजीच्या घरी, एक स्वतःच्या दुकानात, आणि तिसरी भिवराबाईनं मागून घेतली. "समद्या तिकडंच कशाला? एक आमच्या वाडीत ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. दोऱ्यांचं म्हणाल, तर चार दिवस नवरा-बायको ओसरीवर बसून घोंगडी बघून बघून सत्तावीस जुडगे पुन्हा बांधत होते. आणि त्या शनिवारी घरी आल्यावर भिवराबाई चुलीपुढं जायला निघाली, तर आश्रुबानंच तिला थांबवलं. आजच्यात बदल काही नव्हता. तरी त्यानं तिच्यापुढं घोंगडी पसरली आणि तिन्ही दशा एकदा तिच्याकडून मोजून घेतल्या.

ऑपरेशन नीट झालं. लिंबाजी वाचला. गळ्यापुढं भोक राहिलं, त्यावर तो पांढरं फडकं बांधायचा. बोलणं गेलं ते गेलंच.

पुढच्या वर्षीच्या जत्रेत दुपारी आश्रुबानं भोंग्यावर ती कॅसेट लावली. लिंबाजी पहिल्या रांगेत बसला होता. दोन ओळी झाल्या आणि त्यानं हात वर करून तळवा किंचित खाली दाबला. बारीक जास्त होतंय. आश्रुबानं बटण अर्धी खाच मागं घेतलं. लिंबाजीनं मान डोलावली.

मागं बायकांत दगडाबाई बसलेली. तिच्या शेजारी कुठल्या लांबच्या गावची एक बाई होती. ती मान उंच करून मंडपात सगळीकडं बघत होती.

"बाई, काय गळा हाय वो! कोण गायलंय? मला तर कुटं दिसंनात."

"ते काय," दगडाबाई म्हणाली, "म्होरं बसलेत, गळ्याला फडकं बांधलेले. आमचे मालक. ते गायलेत."

बाईनं तिकडं बघितलं. लिंबाजीचे ओठ हलत होते, एक शब्द पुढं नाही की एक मागं नाही.